लालबीचं मनगट

परंड्याच्या बाजारगल्लीत, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून लालबीचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, दोन काचेची कपाटं आणि खाली अंथरलेली गादी. पण लग्नसराई आली की तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या मुली त्या गादीवर हात पुढं करून बसलेल्या असत. मुलीचा हात कितीही कडक असू दे, लालबी तो आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायची आणि काहीतरी विचारायची. सासर कुठलं, नणंदा किती. मुलगी उत्तर देईस्तोवर बांगडी मनगटावर गेलेली असायची. एखादी फुटलीच तर लालबी "फुटली" म्हणायची नाही. "वाढली," म्हणायची आणि तुकडे पटकन मुठीत घ्यायची.

नवरा बाबामियाँ एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून सकाळी दुकानाचं शटर उघडायचं आणि संध्याकाळी ओढायचं, एवढं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. मुलगी शाहीन सोलापुरात दिली होती. घरात दोघांचं बोलणं दखनीत, दुकानात मराठीत, आणि भांडण दोन्हींत.

लालबीची गर्भाची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली होती. अंगावरून फार जायचं, कंबर धरायची. जावेनं काढली होती, शेजारणीनं काढली होती. लेकरं झाली, आता ती ठेवून काय करायची, असं तेव्हा सगळ्याच म्हणायच्या. पिशवीबरोबर बाजूचे बीजकोशही काढले, हे तिला कुणी नीट समजावलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. पाळीचा त्रास संपला, पण थोड्याच दिवसांत अंगातून वाफा निघायला लागल्या. गिऱ्हाइकाचा हात हातात असताना भर थंडीत ती घामानं न्हाऊन निघायची. पुढं वजन वाढलं, गुडघे कुरकुरायला लागले, पन्नाशीत साखर निघाली. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, संध्याकाळी घरी जाऊन पाटावर टेकायचं. याला वय झालं म्हणतात, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

साठी जवळ आली तेव्हाची गोष्ट. परंड्याजवळच्या एका वाडीत मथुराबाई म्हणून तिचं जुनं गिऱ्हाईक होतं. मथुराबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं, आणि आदल्या दिवशी चुडा भरायला लालबीलाच बोलावणं आलं. अंगणात सतरंजी टाकलेली. नवरीचा हिरवा चुडा झाला, करवल्यांच्या बांगड्या झाल्या, म्हाताऱ्यांच्या झाल्या. लालबीनं चहा घेतला आणि उठायला गेली. पाय मुंग्या येऊन बधिर झालेला. सतरंजीची कड पायात आली आणि ती आडवी झाली. पडताना उजवा हात पुढं टेकला.

फार जोरात पडली नव्हती. लहान पोर पडलं तर उठून पळालं असतं. पण लालबीनं हात वर घेतला तेव्हा मनगटाला पळीसारखा बाक आलेला होता.

"अगं बाई, चाची!" मथुराबाई धावली. "माझ्या दारात आसं कसं झालं वो?"

"तुझ्या दाराचा काय गुन्हा? लग्नघर हाय, रडू नको," लालबी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

हात बघता बघता सुजायला लागला. हातातल्या बांगड्या मांसात रुतल्या. त्या आता सरकून निघणार नव्हत्या हे लालबीइतकं दुसऱ्या कुणाला कळणार! तिनं आजूबाजूला बघितलं. हळदीच्या अंगाची नवरी दारात उभी होती. लग्नाच्या अंगणात सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या, आणि त्याही नवरीसमोर, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं. तिनं पदर हातावर ओढला, मथुराबाईला खूण केली आणि सरळ मागच्या गोठ्यात गेली. तिथं दावणीच्या दगडावर बसून, कळा येत असताना, एकेक बांगडी फडक्यात धरून डाव्या हातानं बत्त्यानं वाढवली. मथुराबाईनं हात धरला होता आणि ती तोंडात पदर घालून रडत होती. लालबीनं तुकडे फडक्यात बांधले आणि म्हणाली, "नवरीला सांग, चाचीला घाई होती म्हणून गेली."

जीपनं बार्शीला नेलं. बाबामियाँ परस्पर तिथं पोचले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

हाडांच्या डॉक्टरीणबाई अर्पिता वयानं लहान होत्या, शाहीनपेक्षाही लहान. त्यांनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"कुठून पडलात, चाची?"

"कुठून न्हाय. उभ्या उभ्या पडले."

"मग एवढ्यानं हाड मोडायला नको होतं. पाळी कधी बंद झाली?"

बाबामियाँ ताडकन उठले आणि दाराकडं निघाले.

"चाचा, बसा. तुम्हालाही ऐकायचंय."

बाबामियाँ बसले, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून. लालबीनं पिशवीचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात हाडांची राखण होत असते. पाळी थांबली की ती राखण सुटते, हाड झिजतं जास्त आणि भरतं कमी. बहुतेक बायकांचं हे पन्नाशीच्या आसपास सुरू होतं. तुमचं अडतिसाव्या वर्षीच सुरू झालं. साखर आणि वजन वाढायलाही त्यानं हातभार लागतो. यात तुमची काही चूक नाही. पण आता गप्प बसून चालणार नाही."

सोलापूरला शाहीननं हाडांची तपासणी करवून आणली. कंबर आणि खुबा, दोन्हीकडं हाड ठिसूळ निघालं. आठवड्याची गोळी सुरू झाली, त्याआधी ड जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची. व्यायामही सांगितला होता. पण बाबामियाँच्या कानात एकच शब्द जाऊन बसला होता, ठिसूळ.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लालबीला हलू दिलं नाही. घागर लपवली. न्हाणीत रबराचा जाड गालिचा टाकला. भाकरी स्वतः थापायला लागले. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कापडासारखी पातळ, मधे भोक. लालबी संडासला निघाली तरी ते दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखे, मागून चालायचे.

"मी काय पळून चालले का?" लालबी म्हणायची.

"नक्को, तू बोल बी नको. बस."

सुरुवातीला तिला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत या माणसानं कधी विचारलं नव्हतं, पाणी पाहिजे का म्हणून. पण प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात तिला आपला वाटेना. बारीक, कोरडा, लाकडासारखा ताठ. पेला धरता येईना. दुकानाचं शटर बंद ते बंदच. गिऱ्हाईक दारावरून दुसऱ्या दुकानात जायला लागलं. नमाजला जमिनीवर बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून खुर्चीवर बसून पढायची; सजद्याला कपाळ जमिनीवर टेकायच्या जागी नुसती मान वाकायची. दिवसभर पडून राहायची आणि छताकडं बघायची. मनात भीती बसली होती. चार पायऱ्या दिसल्या तरी ती मागं फिरायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हात न टेकवता खुर्चीतून उठून दाखवा."

लालबीनं जोर लावला. बूड हललं, पण उठलं नाही. पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं. साखर आधीपेक्षा वाढलेली होती आणि वजनही.

"चाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडी वर्षभर डेपोत उभी ठेवली तर काय होतं?"

"बॅटरी उतरती. टायर बसत्यात."

"तुम्ही यांचं तेच करताय. जीव लावून करताय, हे दिसतंय मला. पण हाडावर भार पडला तरच ते टिकतं, आणि पायात ताकद असली तरच माणूस पडत नाही. बसून राहिल्या तर पुन्हा पडतील, आणि पुढच्या खेपेला खुबा मोडेल."

 घरी आल्यावर बाबामियाँ अंगणात जाऊन बराच वेळ बसले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "लाल, मला काय माहीत नव्हतं."

"मला तरी कुठं माहीत होतं?" लालबी म्हणाली.

सकाळी त्यांनी लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर वाकळांची थप्पी रचली. बसायची जागा उंच झाली की उठायला सोपं जातं, ही युक्ती डॉक्टरीणबाईंचीच. थप्पीवरून लालबी उठली. धापा टाकत, पण उठली. थोडे दिवस गेले की बाबामियाँ एक वाकळ काढून घ्यायचे. ती ओरडायची, "अजून नको," आणि ते म्हणायचे, "काढली बी." ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला तळवे लावून अंग पुढं न्यायचं नि मागं ढकलायचं. पाण्याच्या बाटल्यांत बांधकामावरची वाळू भरून त्यांनी वजनं केली; हात बरा झाला तसतशी वाळू वाढत गेली. पाठ वाकवून काही उचलायचं नाही, हे ते येताजाता बजावत. शुक्रवारी सकाळी गोळीचा दिवस. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तेवढा वेळ बाबामियाँ पलंगावर स्वतःच आडवे होऊन जागा अडवायचे.

सगळंच गोडीगुलाबीनं झालं असं नाही. एकदा सकाळी लालबीनं बाटली फेकली. वाळू घरभर झाली.

"मला न्हाय व्हायचं! दुखतंय सगळं. तुमाला काय, नुसतं उभं राहून हुकूम सोडायचा."

बाबामियाँ खुर्चीत बसले, हात छातीशी घेतले आणि उठायला गेले. दोन्ही गुडघे कट्‌कन वाजले आणि ते मधेच अडकले, ना वर ना खाली. लालबीनं एक क्षण बघितलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तीच पुढं झाली आणि त्यांना काखेत धरून उभं केलं. तेव्हापासून व्यायाम दोघांचा झाला.

चहातली साखर गेली. याचं दुःख मात्र तिला मनगटापेक्षा मोठं होतं, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. भात कमी झाला. ताटात ज्वारीच्या भाकरीबरोबर शेवग्याची भाजी, कारळाची नाहीतर तिळाची चटणी, अंडं यायला लागलं. रात्री दूध. सकाळचं ऊन अंगावर घेत दोघं किल्ल्याच्या रस्त्यानं चालायला निघायची. बाबामियाँनी तिला कापडी बूट आणले होते. साडीखाली बूट! पहिले काही दिवस ती निऱ्या खाली ओढून चालायची. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं बघितलंच.

"चाची, बूट?"

"व्हय. माझ्या हाडांनी मागितले," लालबी म्हणाली आणि त्या दिवसापासून निऱ्या ओढायचं सोडून दिलं.

हात मात्र सावकाश आला. कोमट पाण्यात धरायचा, चेंडू दाबायचा, पीठ मळायचं. मग एका पहाटे तिनं खुर्ची बाजूला सारली आणि मुसल्ला जमिनीवर अंथरला. सजद्याला वाकली. उजवा तळवा जमिनीवर टेकवला, आधी बोटं, मग हळूहळू सगळा. टेकला. थोडा ठणकला, पण टेकला. कपाळ जमिनीवर ठेवून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली. उठताना गुडघ्यावर हात दिला आणि एकटी उठली. बाबामियाँ दारात उभे होते. या खेपेला त्यांनी हात पसरले नाहीत, नुसतं बघितलं आणि मशिदीकडं निघून गेले.

दिवाळी झाली आणि मथुराबाई आली. धाकट्या मुलीचं, हर्षालीचं लग्न ठरलं होतं. ती पायरीवरच घुटमळली.

"चाची, कुठल्या तोंडानं सांगू? पर हर्षाली ऐकंना. म्हणती, चुडा भरंल तर चाचीच्याच हातानं."

लालबीनं लगेच हो म्हटलं नाही. "बघते," एवढंच म्हणाली. मथुराबाई गेल्यावर दुकान उघडून ती कपाटासमोर बसली. हिरव्या बांगड्या काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या. मनगट साथ देईल? नव्या नवरीच्या हातात काच घुसली तर? आणि पुन्हा तेच अंगण.

घरी येऊन तिनं दार लावून घेतलं. "अजी, हात द्या."

"कशाला?"

"द्या म्हणले की."

जन्मभर स्टिअरिंग धरलेला बाबामियाँचा हात! लालबीनं कपाटातल्या सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या आणल्या होत्या. पहिली वाढली. दुसरीही वाढली.

"अगं, जीव घेशील!"

"नवऱ्या मुली बी एवढं ओरडत न्हाईत. शाहीन फोनवर काय म्हणाली काल?"

"शाहीन? ती म्हणाली की पुढच्या..." आणि बाबामियाँनी खाली बघितलं. हिरवी बांगडी मनगटावर होती.

 लालबी तो राठ हात तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. बाबामियाँनीही तो सोडवून घेतला नाही. तेवढ्यात दार वाजलं, दूधवाला होता. बांगडी काही निघेना. शेवटी बाबामियाँनी शाल गुंडाळून, डाव्या हातानं पातेलं पुढं केलं. "चाचा, बरं न्हाय का?" असं विचारून दूधवाला गेला, आणि आत लालबी भिंतीला टेकून हसून हसून बेजार.

हर्षालीच्या चुड्याला ती गेली. मथुराबाईनं अंगणातल्या सगळ्या सतरंज्या उचलून ठेवल्या होत्या. पाव्हणे बिचारे सारवलेल्या भुईवर बसलेले. लालबी आता मांडी घालून वाकून बसत नाही. पाठ सरळ राहावी म्हणून स्वतःला खुर्ची घेते, नवरीला समोर स्टुलावर बसवते. हर्षालीचा हात तिनं हातात घेतला. पूर्वीसारखी चपळाई नव्हती. प्रत्येक बांगडीला वेळ लागला, शेवटी शेवटी मनगट चांगलंच दुखायला लागलं, दोन बांगड्या वाढल्या. पण चुडा भरला. हर्षाली रीतीप्रमाणं वाकून पाया पडली, आणि रीत सोडून गळ्यात पडली.

दुकान पुन्हा चालू झालं. पण लालबी आता गिऱ्हाइकाला नुसतं सासर-माहेर विचारत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा हात हातात आला की विचारते, "वाफा येतात का गं अंगातून? झोप लागती का? पाळी कशी हाय?" बायका आधी लाजतात, मग बोलतात. हात चाचीच्या हातात अडकलेला असतो, जाणार कुठं? गेल्या उन्हाळ्यात शिवलीला म्हणून एक शिक्षकाची बायको आली होती. पिशवी काढायचं ठरवून आली होती, दवाखान्यात जायच्या आधी बांगड्या काढून घ्यायला. लालबीनं तिच्या बांगड्या काढल्या नाहीत.

"काढावीच लागंल तर काढ. गाठ असंल, दुसरं काय वंगाळ असंल, तर काढायलाच पाहिजे. पर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव. गोळ्यांनी भागतंय का विचार. बाजूचे बीजकोश ठिवणार का काढणार, त्ये बी विचार. म्या कायच विचारलं न्हाय बघ."

शिवलीलेनं दुसरीकडं दाखवलं. तिचं औषधावर भागलं. कुणाचं भागतं, कुणाचं भागत नाही. पण आपण विचारायला लावलं याचं लालबीला समाधान आहे.

परवा दोघं तपासणीचा कागद घेऊन बार्शीला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून बघितला. म्हणाल्या, "हाड तरुण होत नसतं, चाची. पण झीज थांबलीय, कमरेत तर थोडं भरलंयसुद्धा. साखर बरीच खाली आलीय. गोळी सुरू ठेवा, व्यायाम कधीच सोडू नका."

येताना एसटीला गर्दी होती. दोघं दांड्याला धरून उभी. लालबीच्या मागं बाबामियाँ, नेहमीसारखे, ती पडली तर धरायच्या बेतानं. परंड्याच्या अलीकडं रस्त्यात म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळी बस पुढं गेली. लालबीचे पाय आपोआप फाकले, गुडघे थोडे वाकले, टाचा रुतल्या, हात दांड्यावर घट्ट. ती जागच्या जागी राहिली. बाबामियाँ मात्र तिच्या बगलेतून पुढं निघाले, ते एका पागोटेवाल्याच्या मांडीवर बसणार तोच लालबीनं मोकळ्या हातानं त्यांची कॉलर धरली आणि मागं ओढलं. उजव्या हातानं.

"लागलं का?"

"काय न्हाय. नवं पोरगं दिसतंय ड्रायव्हर. असा ब्रेक मारतेत का?" बाबामियाँ सदरा सारखा करत म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

पागोटेवाले म्हातारबा सरकले आणि त्यांनी एका माणसापुरती जागा केली. "बसा, बाई."

"त्येंना बसू द्या," लालबी म्हणाली.

बाबामियाँ आढेवेढे घेत बसले. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या खांद्यावरची कागदांची पिशवी काढून मांडीवर घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू बस की गं जरा."

"नक्को," लालबी म्हणाली, आणि खिडकीबाहेरची ज्वारी बघत उभी राहिली.